पैसा रयतेचा, कुलूप कोणाचे?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवीन पुस्तके आली, म्हणजे दाराशी एक फळा लागतो. त्यावर पुस्तकांची नावे असतात, ग्रंथकारांची नावे असतात. आणि हल्ली त्याखाली आणखी एक यादी असते, की अमुक इतकी नियतकालिके आता संगणकावर वाचावयास मिळतील, अमुक इतका संशोधनाचा साठा नव्याने घेतला. असा फळा वाचून आम्हांस वाईट वाटते असे कोणी समजू नये. ज्ञानाचे धान्य कोठारात येऊन पडले तर दुःख कोणाला होईल? परंतु कोठार भरल्याचा आनंद करणाऱ्याने कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हेही पाहिले पाहिजे. आमचे आजचे भांडण त्या किल्लीचे आहे.

हे भांडण आम्ही हवेतून काढलेले नाही. आमच्या गावच्या एका कापूसवाल्याच्या शेतात गुलाबी बोंडअळी पडली होती. त्या वेळी दोघे शिकलेले तरुण मोटारीतून आले, त्यांनी बोंडे फोडून अळ्या मोजल्या, बियाणे कोणते, फवारे किती मारले, उत्पन्न किती बुडाले, हे सारे वहीत टिपून घेतले. शेतकऱ्याने त्यांस बांधावर बसवून चहा पाजला आणि जाताना शेंगांची पिशवी दिली. पुढे ह्या शेतकऱ्याच्या मुलीने, जी तालुक्याच्या कॉलेजात शिकते, मोबाइलवर शोधून काढले की त्या मोजणीवर एक लेख परदेशी नियतकालिकात छापला गेला आहे. लेखाचे नाव दिसले, वरचा सारांश दिसला. आणि खाली पाटी आली की पुढे वाचावयाचे तर पस्तीस डॉलर भरा. पस्तीस डॉलर म्हणजे तीन हजार रुपये, म्हणजे चाळीसएक किलो कापूस!

आम्ही बापलेकीस घेऊन साठ किलोमीटरांवरच्या विद्यापीठात गेलो. म्हटले, तेथे तरी वाचावयास मिळेल. दारावर चौकीदाराने ओळखपत्र मागितले. ते नव्हते. आतल्या साहेबांनी सांगितले की बाहेरच्या माणसास आत घेता येत नाही, कॉलेजच्या प्राचार्यांचे पत्र आणा, मग पाहू. शेतकऱ्याने विचारले, "आणि साहेब, मला वाचायचं असलं तर? मी कोणाचं पत्र आणू?" साहेब हसले. त्यांच्या हसण्यात वाईट हेतू नव्हता; असा प्रश्न त्यांच्या नोकरीत त्यांस कोणी केलाच नसावा. परतताना एस.टी.त मुलगी म्हणाली, "काका, शेत आपलं, अळी आपली, नुकसान आपलं, आणि लेख तेवढा परका!"

त्या ग्रंथालयाचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एका दाराचा नाही. काही ठिकाणी अनामत ठेवून बाहेरच्या वाचकास बसू देतात, त्यांचे आम्ही आभार मानतो. पण पुष्कळ ठिकाणी रीत हीच आहे, आणि ह्या रीतीचाच आम्हांस जाब विचारावयाचा आहे.

आता ह्या व्यापाराची घडण कशी आहे ती आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. विद्यापीठातला प्राध्यापक किंवा सरकारी संस्थेतला शास्त्रज्ञ संशोधन करतो. त्याचा पगार, त्याची प्रयोगशाळा, त्याची फिरण्याची मोटार, हे सगळे बहुधा सरकारी पैशातून होते. तो लेख लिहितो आणि प्रकाशकास फुकट देतो. लेख बरा की वाईट हे तपासणारे दुसरे प्राध्यापक असतात. तेही बहुतेक फुकटच तपासतात. मग प्रकाशक तो लेख छापतो, त्याचे हक्क आपल्या नावे लिहून घेतो, आणि ज्या विद्यापीठाच्या पैशावर तो लिहिला गेला त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयास वर्गणी लावून परत विकतो. म्हणजे गाय आमची, वैरण आमची, धार आम्ही काढायची, आणि दूध विकत घ्यायचे तेही आम्हीच! हल्ली तर काही नियतकालिके लेख सर्वांस खुला ठेवण्यासाठी लेखकाकडूनही मोठी फी घेतात. असा धंदा आमच्या बाजारपेठेतल्या कोणा अडत्याच्याही डोक्यात आला नसता.

हे केवळ आम्ही अडाणी माणसेच बोलतो असे नाही. अमेरिकेचे हार्वर्ड विद्यापीठ जगातल्या श्रीमंतांत श्रीमंत. त्याच्या ग्रंथालयाविषयीच्या समितीने २०१२ साली प्राध्यापकांस लिहून कळविले की काही मोठ्या प्रकाशकांची वर्गणी वर्षाला सुमारे साडेसदतीस लाख डॉलरांवर गेली असून हा बोजा पेलण्यासारखा राहिलेला नाही. तेव्हा आपले लेख सर्वांस खुले राहतील अशा ठिकाणी द्यावेत. हार्वर्डची ही दशा, तर जिल्ह्याच्या ठिकाणी पत्र्याच्या खोलीत ग्रंथालय चालविणाऱ्या कॉलेजची दशा काय असेल?

सरकारने ह्यावर एक इलाज काढला आहे, तो आम्ही न्यायबुद्धीने सांगतो. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ व २०२७ ह्या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठरले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यात आहेत. केंद्राच्या व राज्यांच्या सरकारी व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था मिळून ६,३०० च्या वर संस्थांस, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधकांस ती वाचावयास मिळावीत असे योजिले आहे. काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे दिले आहे. एकेका विद्यापीठाने वेगवेगळा सौदा करण्यापेक्षा सगळ्यांचा एकच सौदा झाला, आणि दूरच्या सरकारी कॉलेजातल्या पोरासही मोठ्या संस्थेतल्या पोराइतके वाचावयास मिळण्याची सोय झाली. हे चांगले झाले. चांगल्यास चांगले म्हणावयास आम्ही कचरत नाही.

परंतु हिशेब करा. देशाची माणसे १४० कोटींहून अधिक. सहा हजार कोटी दरडोई वाटले तर माणशी चाळीस रुपयांच्या वर पडतात. पाच माणसांच्या घरास दोनशे रुपये. हे दोनशे रुपये कुंभाराच्या घरातून गेले, लोहाराच्या घरातून गेले, ऊसतोड्याच्या खोपटातून गेले. कोणी डिझेलवरच्या करातून दिले, कोणी साबणावरच्या, कोणी खताच्या पोत्यावरच्या. पैसे देणारे १४० कोटी आणि वाचणारे पावणेदोन कोटी! उरलेल्यांनी काय करावे? फळा वाचून घरी जावे?

येथे आम्हांस जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८८२ साली हंटर कमिशनापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते, की सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा विद्येवरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे वळतो; रयतेच्या पोरास साधे लिहिणे-वाचणेही मिळत नाही. ह्यास १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. आज गावोगाव शाळा आहेत, रयतेची पोरे पदव्या घेतात, हे खरे. पण जोतीरावांचा प्रश्न एक पायरी वर चढून बसला आहे इतकेच. तेव्हा कुलूप शाळेला होते, आता कुलूप संशोधनाला आहे. पूर्वी मंत्र कानी पडू नये म्हणून सोवळे होते. आता सोवळ्याच्या जागी सांकेतिक शब्द आला आहे. ज्याच्याकडे तो शब्द आहे तो पवित्र, बाकीचे दाराबाहेर.

आता आमच्यावर जे आक्षेप येतात त्यांचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप असा, की शेतकऱ्यास ते इंग्रजी संशोधन समजणार काय? आम्ही उलट पुसतो, की समजणार नाही हे तुम्हांस कोणी सांगितले? शेतकऱ्याची मुलगी आज बी.एस्सी. शिकते, सुताराचा मुलगा इंजिनियर होतो. बापास समजले नाही तर पोरगी समजावून देईल. आणि समजत नसेल तर तो दोष कोणाचा? राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे महाराष्ट्राची चार कृषी विद्यापीठे आहेत. ती शेतकऱ्यासाठी काढली असे त्यांच्या प्रत्येक समारंभात सांगतात. ती मराठीत पत्रके व पुस्तिका काढतात, शिवारफेऱ्या भरवितात, हे आम्हांस ठाऊक आहे. पण मूळ संशोधन इंग्रजीत कुलूपबंद आणि शेतकऱ्यास त्याचा चार पानांचा काढा, असे किती दिवस चालावयाचे? ज्या ज्या संशोधनात आमच्या मातीचा, आमच्या जनावरांचा, आमच्या हातमागाचा, आमच्या रोगराईचा हिशेब आहे, त्या प्रत्येकाचा दोन पानी मराठी गोषवारा लिहिल्यावाचून ते काम पुरे झाले असे मानूच नये.

दुसरा आक्षेप असा, की बाहेरचे लोक आत घेतले तर पुस्तके फाटतील, चोरीस जातील. ह्याचे उत्तर आम्ही देत नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराज देऊन गेले आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्याने १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आणि पोरे वाचू लागली तर त्यांस वाचावयास काहीतरी पाहिजे, हे ओळखून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय झाले, गावोगावी वाचनालये झाली. आणि जेथे वाचनालय नाही तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठविण्याची पद्धत पडली. पेटी गावात जाई, लोक वाचीत, पेटी परत येऊन दुसऱ्या गावी जाई. शंभर वर्षांपूर्वी संस्थानिकाने खेड्यातल्या माणसावर जितका भरवसा टाकला, तितका आज लोकांच्या सरकारच्या विद्यापीठास टाकवत नाही काय? आणि संगणकावरचा लेख तर फाटतही नाही, झिजतही नाही. तो हजारांनी वाचला तरी पहिल्या वाचकाचे अक्षरही कमी होत नाही.

ह्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथल्या आणि पुढे लंडनच्या ग्रंथालयांत त्यांनी किती वाचले हे त्यांच्या ग्रंथांवरून दिसतेच आहे. ज्या देशात त्यांस पाण्याच्या हौदाला हात लावू देत नव्हते त्या देशाची घटना लिहिण्याचे काम पुढे त्यांच्याकडे आले. त्या ग्रंथालयांच्या दारावर कोणी त्यांस परत फिरविले असते तर नुकसान कोणाचे झाले असते? दार उघडे ठेवण्याची किंमत मोजता येते. बंद ठेवण्याची मोजता येत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. म्हणतात, हक्क प्रकाशकाचे आहेत, आम्ही काय करणार? कायद्याचीही गोष्ट ऐका. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी नावाचे एक लहानसे झेरॉक्सचे दुकान होते. अभ्यासाला लावलेल्या पुस्तकांतील पाने काढून विद्यार्थ्यांस स्वस्तात गठ्ठा बांधून द्यावयाचे, हा त्याचा धंदा. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या तीन बड्या प्रकाशकांनी त्या दुकानावर व विद्यापीठावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. डिसेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रकरणाचा काही भाग पुन्हा तपासावयास सांगितला, परंतु शिकविण्याच्या कामासाठी लागणाऱ्या प्रती काढण्यास कायद्याची मुभा आहे, हे मूळ तत्त्व कायम ठेवले. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तेव्हा कायदा हा सगळाच सावकाराच्या बाजूचा असतो असे नाही, विचारणारा पाहिजे.

आणि सौद्यात काय मागावे हेही विचारणाऱ्यावर आहे. पुष्कळ ग्रंथालयांच्या करारांत असे कलम असते, की ग्रंथालयात स्वतः येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकासही तेथल्या संगणकावर लेख वाचू द्यावेत. इंग्लंडात २०१४ साली प्रकाशकांनीच सार्वजनिक वाचनालयांस अशी सवलत दिली, की तेथे येऊन बसणाऱ्या कोणाही माणसास हजारो नियतकालिके फुकट वाचता यावीत. तेथल्या सुतारास जे चालते ते येथल्या सुतारास का चालू नये? महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली सरकारी अनुदान घेणारी अकरा-बारा हजार वाचनालये आहेत. सहा हजार कोटींचा सौदा करताना ह्या वाचनालयांतला एकेक संगणक त्यात घाला, एवढे म्हणावयास काय पडले होते? घाऊक गिऱ्हाईक घासाघीस करू शकत नसेल तर मग किरकोळ गिऱ्हाइकाने कोठे जावे?

आणखी एक गोष्ट सरकारचीच आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ साली, आणि केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान ह्या दोन खात्यांनी २०१४ साली, असे धोरण लिहून काढले की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाची एक प्रत सर्वांस खुल्या असलेल्या साठ्यात ठेवली पाहिजे. धोरण उत्तम आहे. मग आमच्या कापूसवाल्याच्या मुलीस पस्तीस डॉलरांची पाटी का दिसली? पाळण्याची सक्ती नसलेले धोरण म्हणजे बांधावरचे बुजगावणे; त्याला पाखरे देखील दोन दिवसांनी भीत नाहीत.

ग्रंथालयाने काय विकत घ्यावे ह्याइतकेच काय जपावे हाही प्रश्न आहे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालविला. शेतकऱ्यांचे व गिरणीकामगारांचे गाऱ्हाणे त्यात येई. त्याचे सगळे अंक आज कोठे एकत्र मिळत नाहीत. ज्यांनी ते विकत घेतले त्यांच्या घरात कपाट नव्हते, आणि ज्यांच्याकडे कपाटे होती त्यांस ते जपावेसे वाटले नाहीत. विद्यापीठांनी परदेशी नियतकालिकांवर कोट्यवधी घालताना दोन-चार लाख जुन्या मराठी पत्रांच्या, कारागिरांच्या वह्यांच्या, सत्यशोधकी चोपड्यांच्या छायाप्रती काढण्यावर घालावे. ती चोपडी कोणत्याही परदेशी प्रकाशकाकडे मिळणार नाहीत. वाळवीने खाल्ली की संपली.

येथवर आम्ही दुसऱ्यास बोललो. आता आपल्या घरात डोकावू, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवून आपल्या डोळ्यातले मुसळ झाकणे हे आमच्या पत्राचे काम नव्हे. लग्नात वाजंत्री व मांडव ह्यांवर कर्ज काढून लाख उधळणाऱ्या आमच्या गावात वाचनालयाची वार्षिक वर्गणी थकलेली असते. निवडणुकीत पुढारी गावात आला तर त्याच्याकडे आपण सभामंडप मागतो, कमान मागतो. पुस्तकांचे कपाट मागितलेले आम्ही ऐकले नाही. आणि जे आज फुकट आहे तेही आपण घेत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! 'शोधगंगा' ह्या साठ्यात देशातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक पीएच.डी.चे प्रबंध आहेत, मराठीतलेही आहेत, आणि त्यांस ओळखपत्र लागत नाही. 'कृषिकोश' ह्या साठ्यात कृषी विद्यापीठांचे प्रबंध व अहवाल ठेवलेले आहेत. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. ज्या मोबाइलवर रात्री बारापर्यंत नाचगाणी चालतात त्याच मोबाइलवर हे सारे आहे. पोरांस हे दाखवा. विशेषतः पोरींस दाखवा, कारण आमच्या घरात पुस्तक आले की ते आधी पोराच्या हाती जाते आणि पोरीच्या हाती केरसुणी जाते.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक: रयतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधारकार्ड दाखविणाऱ्या कोणाही नागरिकास बसून वाचता यावे, घरी पुस्तक देऊ नका, पण आत बसू द्या. दोन: २०२७ अखेर 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेची मुदत सरेल, पुढचा करार करताना सार्वजनिक वाचनालये त्यात आलीच पाहिजेत. तीन: सरकारी पैशातून झालेला लेख खुल्या साठ्यात ठेवल्यावाचून पुढचे अनुदान मिळू नये. चार: शेती, कारागिरी व आरोग्य ह्यांवरील संशोधनाचा मराठी गोषवारा लिहावा आणि ज्याच्या शेतात मोजणी केली त्याच्या हाती तो द्यावा.

ह्या मागण्या आपोआप कोणी मान्य करणार नाही. म्हणून प्रत्येक गावातून एक काम व्हावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्जास दहा रुपये पडतात. आपल्या जिल्ह्याच्या विद्यापीठास साध्या मराठीत तीन प्रश्न लिहून विचारा: गेल्या वर्षी पुस्तकांवर व नियतकालिकांवर किती खर्च झाला? बाहेरच्या नागरिकास आत बसून वाचण्याचा नियम काय आहे? आणि असा नियम नसेल तर तो करण्याचा अधिकार कोणाचा? नियमाप्रमाणे तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. आमच्या कापूसवाल्याने आपला अर्ज गेल्या सोमवारी टपालात टाकला. अक्षर मुलीचे आहे, सही त्याची आहे. तुमच्या गावचा अर्ज गेला म्हणजे आम्हांस एक कार्ड टाका, आणि जे उत्तर येईल त्याची नक्कल पाठवा. गोड आले तर गोड, कडू आले तर कडू, आम्ही ते ह्याच जागी छापू.